मिनिटाला १ कोटी ३० लाख! हिशेब विचारतं कोण?

माहीत आहे का? तुम्ही हे वाक्य वाचून संपवाल, तेवढ्यात देशाच्या संरक्षणावर आठ-दहा लाख रुपये खर्ची पडलेले असतील!

विश्वास नाही बसत? मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. २०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाला मिळाले ६,८१,२१० कोटी रुपये. भागिले ३६५, म्हणजे दिवसाला १,८६६ कोटी. भागिले चोवीस, मग भागिले साठ. मिनिटाला १ कोटी ३० लाखांच्या घरात! कर्जावरचं व्याज फेडणारं अर्थ मंत्रालय सोडलं, तर एवढी मोठी रक्कम दुसऱ्या कुठल्याच मंत्रालयाच्या वाट्याला येत नाही. केंद्र सरकारच्या दर शंभर रुपयांतले साडेतेरा रुपये इथे जातात.

आता जरा मागे चला. २६ नोव्हेंबर १९४७. स्वतंत्र भारताचं पहिलं बजेट, मांडणारे अर्थमंत्री आर. के. षण्मुखम चेट्टी. साडेसात महिन्यांसाठी एकूण खर्च १९७ कोटी ३९ लाख आणि त्यातले संरक्षणासाठी ९२ कोटी ७४ लाख. जवळजवळ निम्मे! त्या वेळचा रुपया वजनदार होता हे मान्य, पण नुसता आकडाच पाहायचा तर संरक्षणाची ती सगळी रक्कम आजच्या वेगानं सव्वा तासही पुरणार नाही.

मग प्रश्न येतो, एवढ्या पैशाचा हिशेब मागतं कोण? उत्तर एकच. संसद! राज्यघटनेचं ११४ वं कलम सांगतं की संसदेनं कायदा केल्याशिवाय सरकारी तिजोरीतून एक रुपयाही बाहेर काढता येत नाही. फायटर विमान असो की जवानाचा मोजा, मंजुरी खासदारांचीच.

पहिली तोफ कोकणातून!

माहीत आहे का, लष्कराच्या खर्चावरून इंग्रज सरकारला भर सभागृहात घाम फोडणारा एक पहिल्या फळीतला माणूस आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा होता? नाव गोपाळ कृष्ण गोखले!

२६ मार्च १९०२, कलकत्ता. व्हाइसरॉयचं कायदेमंडळ. वय वर्षं ३५, फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले गोखले उठले आणि आकड्यांच्या फैरी झाडू लागले. तिजोरीत शिल्लक दिसते म्हणून सरकार खुशीत होतं. गोखल्यांचा मुद्दा साधा होता, पण थेट काळजात घुसणारा. दुष्काळानं पिचलेल्या रयतेकडून जादा कर वसूल केला म्हणून ही शिल्लक दिसते. मिठावरचा कर चढा, लष्कराचा खर्च चढता, आणि शाळांना पैसे नाहीत! पुढच्याच वर्षी मिठावरचा कर खाली आला.

गोखल्यांची ही तयारी काही एका रात्रीत झालेली नव्हती. १८९७ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली होती. हिंदुस्थानचा खर्च तपासायला नेमलेलं हे कमिशन, आणि त्याचे एक सदस्य होते आपल्या मुंबईचे दादाभाई नौरोजी!

पण थांबा. गोखल्यांना बजेटवर बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. पुढे १९१९ चा कायदा आला, निवडून आलेल्या सदस्यांना काही खर्चांवर मतदान मिळालं, पण संरक्षण त्यातून वगळलेलं! सैन्याच्या रकमेला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. भारतीय प्रतिनिधींना तो हक्क पूर्णपणे मिळाला तो देश स्वतंत्र झाल्यावर. आज संरक्षणाच्या मागण्या लोकसभेत मताला टाकाव्याच लागतात. अर्धशतकाची झुंज आहे या एका मतामागे, लक्षात असू द्या. थोड्या वेळानं हे आठवायचं आहे.

चार नंबर, एक रुपया

२०२५-२६ चं संरक्षण बजेट म्हणजे चार मागण्यांचा संच. नंबर १९ संरक्षण मंत्रालयाचा नागरी खर्च, २० तिन्ही दलांचा चालू खर्च, २१ नवी शस्त्रं-जहाजं-विमानं, २२ पेन्शन. त्यातली पेन्शनच १ लाख ६० हजार कोटींहून जास्त, लाभार्थी ३४ लाखांच्या वर. नव्या खरेदीसाठी १ लाख ८० हजार कोटी. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा, डोळे विस्फारतील.

आणि ही भन्नाट गोष्ट ऐका. एखाद्या खासदाराला सरकारचं धोरणच पटलं नाही, तर तो काय सुचवू शकतो? ‘ही मागणी कमी करून एक रुपया करा!’ खरंच! लाखो कोटींवरून थेट एक रुपया. याला कपात सूचना म्हणतात. धोरणावर आक्षेप असेल तर एक रुपया, एखादी ठरावीक तक्रार असेल तर फक्त शंभर रुपयांची कपात. अशी सूचना मंजूर झाली तर सभागृहानं सरकारवरचा विश्वासच काढून घेतला असा अर्थ होतो, त्यामुळे एका रुपयात सरकार हलवायची ताकद आहे!

प्रश्नोत्तराच्या तासाचीही एक रंगीत गंमत. लोकसभेत तारांकित (तोंडी उत्तराच्या) प्रश्नांची यादी हिरव्या कागदावर छापायची रीत, अतारांकित (लेखी उत्तराच्या) पांढऱ्यावर, तातडीचे प्रश्न फिक्या गुलाबी कागदावर. तारांकित प्रश्न दिवसाला २०, अतारांकित २३०. ज्या बाबी मुळातच गुप्त आहेत त्यांची माहिती प्रश्नातून मागता येत नाही, असं नियमच सांगतो. तरीही चतुर खासदार आडवळणानं पुष्कळ काही काढून घेतात.

बंद दाराआड काय चालतं?

टीव्हीवर दिसतो तो गोंधळ. खरं काम होतं ते जिथे कॅमेरा नाही तिथे!

माहीत आहे का, संसदेत संरक्षणावरची एक खास स्थायी समिती आहे? १९९३ पासून. ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. मंत्र्यांना नो एंट्री. संरक्षण मंत्रालयाचे सचिव आणि तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी समोर येऊन बसतात आणि सर्व पक्षांचे खासदार त्यांना प्रश्न विचारतात. पत्रकार नाहीत, प्रेक्षक नाहीत, घोषणाबाजी नाही. टाळी मिळवायची सोय नसल्यानं इथे कामाचं बोलणं होतं, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्र कनेक्शन? आहे ना! चौदाव्या लोकसभेत या समितीचे अध्यक्ष होते कोपरगावचे खासदार बाळासाहेब विखे पाटील. सहकारी साखर कारखानदारीत मुरलेला माणूस रणगाडे-पाणबुड्यांचे हिशेब तपासत होता!

पण या समितीचा सर्वांत गाजलेला क्षण २०१८ मधला. तो नीट सांगायलाच हवा.

अध्यक्ष होते मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, निवृत्त. स्वतः फौजी, आणि सत्ताधारी पक्षाचेच खासदार. त्यांच्या समितीपुढे लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद आले आणि आडपडदा न ठेवता बोलले. या बजेटनं आमच्या आशांवर पाणी फिरवलं, असा त्यांच्या बोलण्याचा सूर. आकडे बघा: लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के आजच्या काळातली, अत्याधुनिक फक्त ८ टक्के! खरं तर तिन्ही गटांचा वाटा साधारण एक-एक तृतीयांश हवा.

पुढचा आकडा तर झोप उडवणारा. आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी, आणि आधीच सह्या झालेल्या, सुरू असलेल्या १२५ योजनांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे! म्हणजे जुनी उधारीच भागत नाही, नवीन काय घेणार? गणवेशातला अधिकारी हे सांगतो, समिती ते जसंच्या तसं अहवालात छापते आणि देशभर हेडलाइन होते. सैन्याचा सन्मान राखायचा म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अहवाल जरूर बघावा. इथे सैन्याची बाजू लावून धरली ती प्रश्न विचारणाऱ्यांनीच!

आणि आता मंडळी, मघाशी आठवायला सांगितलेलं आठवा.

हा अहवाल आला मार्च २०१८ मध्ये. त्याच आठवड्यात, १४ मार्चला, लोकसभेत काय झालं? गिलोटिन!

घाबरू नका, मान कुणाची उडत नाही, उडते ती चर्चा. ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. त्या वर्षी तर एकाही मंत्रालयाची चर्चा झाली नाही. गदारोळात संरक्षणासह सगळ्या देशाचं बजेट अर्ध्या तासाच्या आसपास मंजूर! २०२३ मध्येही तसंच, विनाचर्चा. गोखल्यांना जे मत हवं होतं आणि मिळालं नव्हतं, ते आज आपल्याकडे आहे आणि आपण ते असं वापरतो. हे मला अजिबात रुचत नाही, आणि गोंधळ घालणारे बाक आणि चर्चेची घाई उरकणारे बाक, दोन्हीकडे बोट दाखवायला मी कचरणार नाही.

त्याच वर्षी मुरली मनोहर जोशींच्या अंदाज समितीनंही दणका दिला: देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत संरक्षणावरचा खर्च १९६२ नंतर सर्वांत खाली गेलाय! (या समितीत ३० सदस्य, सगळे लोकसभेचे. राज्यसभेला तिथे खुर्चीच नाही.)

मूड बदलूया!

माहीत आहे का, लष्कराच्या ताब्यात तब्बल ९७ गोल्फ कोर्स असल्याचं कॅगनं, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, एका अहवालात दाखवून दिलं होतं? क्षेत्रफळ ८,०७६ एकर! कागदोपत्री मात्र ‘पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र’. कॅगचा थेट होल-इन-वन!

संरक्षण खात्याकडे देशभर १७ लाख एकरांहून जास्त जमीन आहे. आणि लष्कराच्या ताब्यात असलेल्या कुलाब्याच्या एका छोट्याशा तुकड्यानं तर महाराष्ट्र हादरवला. ‘आदर्श’ सोसायटी! ३१ मजली इमारत, २०११ मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा स्वतंत्र अहवाल, आणि त्याआधीच मुख्यमंत्र्यांना द्यावा लागलेला राजीनामा. मजले चढले, प्रश्नही चढत गेले.

कॅगचं काम खर्च तपासायचं, आणि कॅगच्या अहवालावर सरकारला फैलावर घ्यायचं काम लोकलेखा समितीचं, म्हणजे पीएसीचं. ही समिती १९२१ पासूनची! स्वातंत्र्याआधी तिच्या अध्यक्षपदी सरकारचाच अर्थसदस्य बसायचा. खर्च करणाराच हिशेब तपासणार! १९६७ मध्ये चित्र पालटलं. अध्यक्षपद पहिल्यांदा विरोधी पक्षाकडे गेलं, मान मिळाला मिनू मसानींना. हे मसानी कोण? मुंबईचे माजी महापौर! तेव्हापासून ही खुर्ची विरोधकांचीच, असा पायंडा पडला.

जीप, मतपेटी आणि तोफ

स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला संरक्षण घोटाळा कशाचा? विमानाचा नाही, तोफेचा नाही. जीपचा!

१९४८, काश्मीरची लढाई सुरू. लंडनमधले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाखांचा जुन्या जीपचा सौदा केला. दोन हजार जीप यायच्या होत्या, आल्या दीडशेच्या आसपास, त्याही चालायच्या लायकीच्या नाहीत! पीएसीनं प्रकरण धसास लावलं. सरकारनं १९५५ मध्ये फाइल बंद केली. आणि १९५७ मध्ये संरक्षणमंत्री कोण झालं? तेच मेनन!

यातला मुंबई ट्विस्ट तर सिनेमात शोभेल असा. लोकसभेत मेनन यांच्यावर सर्वांत कडाडून तुटून पडायचे आचार्य कृपलानी. १९६२ च्या निवडणुकीत ते थेट मेनन यांच्याच मतदारसंघात, उत्तर मुंबईत, उभे राहिले. मेनन दणदणीत जिंकले. आठ महिने होतात न होतात तोच चीननं हल्ला केला आणि वर्ष संपायच्या आत मेनन यांचं मंत्रिपद गेलं. कृपलानी पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत परतले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये त्यांनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासातला पहिला! बाजूनं ६२, विरोधात ३४७. ठराव पडला, पण चार दिवस सरकारला उत्तरं द्यावी लागली.

१९६२ हे संसदेच्या दृष्टीनंही विलक्षण साल. युद्ध सुरू असताना संसद भरली. तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी तशी मागणी करणाऱ्यांत पुढे होते. कुणीतरी सुचवलं, बैठक गुप्त घ्या. नेहरू म्हणाले, नाही, उघड्यावरच बोला! आणि मग नोव्हेंबरमध्ये स्वतःच्याच सरकारवरची टीका त्यांनी बसून ऐकली. लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आहे बरं का, नियम २४८. पण तो आजवर वापरावा लागलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या संसदेनं मात्र गुप्त बैठका घेतल्या होत्या.

चीनच्या ताब्यात गेलेल्या अक्साई चीनचा एक किस्सा दिल्लीत अजून रंगवून सांगतात. तिथे गवताचं पातंही उगवत नाही, असं नेहरू म्हणाल्यावर महावीर त्यागींनी आपल्या टकलाकडे बोट दाखवलं: इथेही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकायचं का? गंमत म्हणजे त्यागी विरोधी पक्षाचे नव्हते, काँग्रेसचेच होते, आणि पूर्वी संरक्षण खात्याचे मंत्रीही होते!

मेनन गेले, मग आले कोण? हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री! यशवंतराव चव्हाणांनी सूत्रं घेतली २१ नोव्हेंबर १९६२ ला, नेमकी चीननं युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी. संसदेत जायला मतदारसंघ मिळाला नाशिक, आणि निवडून आले कसे? बिनविरोध!

पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल त्यांच्याच टेबलावर आला. चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत त्याचं सार सांगितलं, मूळ अहवाल कपाटात गेला. किती वर्षांसाठी? अजून बाहेर आलेला नाही! २०१० मध्येही संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितलं की मजकूर आजही अतिशय संवेदनशील आहे. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यातला मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तरी सरकारी कपाट बंदच. साठ वर्षांपूर्वीच्या चुका संसदेला वाचू दिल्या तर देश जास्त सावध होईल, असं माझं ठाम मत. कारगिलनंतर तसं करूनही दाखवलंय आपण! के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल २००० मध्ये संसदेत मांडला गेला, काही भाग गाळून का होईना.

बोफोर्स? येणारच होतं! मार्च १९८६, ४०० तोफा, १,४३७ कोटी. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी दिली आणि तोफ धडाडली ती थेट संसदेत. भारताच्या इतिहासातली पहिली संयुक्त संसदीय समिती, जेपीसी, याच प्रकरणात बसली. विरोधकांनी तिच्यावर बहिष्कार टाकला. जुलै १९८९ मध्ये कॅगचा अहवाल आला तेव्हा तर विरोधी बाकांवरच्या डझनावारी खासदारांनी लोकसभेचे राजीनामेच दिले! एका ऑडिट रिपोर्टनं बाक रिकामे केले, असं दुसरीकडे कुठे घडलं असेल? दहा वर्षांनी कारगिलच्या डोंगरांवर त्याच तोफांनी कमाल करून दाखवली, हेही तितकंच खरं. तोफ उत्तम होती, सौदा वादात होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात!

सेकंड हँड जहाजाची ही गोष्ट घ्या. रशियाचं गोर्शकोव्ह, म्हणजे आपलं विक्रमादित्य. २००४ मध्ये किंमत ठरली ९७ कोटी ४० लाख डॉलर, शेवटी गेली २३० कोटी डॉलरच्या पुढे. कॅगनं सुनावलं: नव्या जहाजाला पडले असते त्यापेक्षा जास्त पैसे देऊन आपण जुनं जहाज घेतोय.

अर्जुन रणगाड्याचा मीटरही असाच पळाला. १९७४ मध्ये मंजूर झाले साडेपंधरा कोटी, प्रकल्पाचा आकडा पुढे ३०५ कोटींवर.

राफेल लढाऊ विमानं? कॅगचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. आधीच्या प्रस्तावापेक्षा सौदा २.८६ टक्के स्वस्त, असा निष्कर्ष. पण मूळ किंमत किती? ती झाकलेली! आकड्यांच्या जागी अक्षरं. टक्केवारी दिसते, रक्कम दिसत नाही. संसदेच्या टेबलावर आलेलं बहुधा सर्वांत मोठं कोडं!

सियाचीनचा गॉगल

इथे जरा गंभीर व्हायचं. फेब्रुवारी २०२० मध्ये मांडलेल्या कॅगच्या अहवालात सियाचीनसारख्या उंचीवरच्या जवानांच्या गॉगलचा हिशेब होता. बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश डोळे निकामी करू शकतो, म्हणून हे गॉगल. तुटवडा किती? ६२ ते ९८ टक्के! काही काळ खास बूटही नव्हते. २०१७ च्या अहवालात दारूगोळ्याची मोजणी होती: १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार तीव्र युद्धात दहा दिवसही पुरणार नाहीत एवढेच शिल्लक. असे आकडे बाहेर आल्यावर शत्रूला कळतं, अशी ओरड होते. पण ते बाहेर आले नाहीत तर जवानाच्या डोळ्यावर गॉगल येणार कुठून?

आणि गणवेश उतरवल्यावर? ‘वन रँक वन पेन्शन’, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन, हे ऐकलंय ना? माजी सैनिकांचा अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेला. समितीनं डिसेंबर २०११ मध्ये अहवाल देऊन मागणी उचलून धरली. अध्यक्ष कोण? भगतसिंह कोश्यारी! हो, तेच, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. २०१५ मध्ये योजना लागू झाली तेव्हा संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. आयआयटी मुंबईचे इंजिनिअर, पण राज्यसभेत खासदार मात्र उत्तर प्रदेशातून!

मराठी संरक्षणमंत्र्यांची रेंज बघा: चव्हाण चार वर्षांच्या आसपास, शरद पवार १९९१ ते ९३, आणि प्रमोद महाजन? वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात, फक्त तेरा दिवस!

झटपट वर्ल्ड टूर

जर्मनी: अडीच कोटी युरोंच्या वरचा संरक्षण खरेदीचा प्रत्येक करार संसदेच्या बजेट समितीपुढे जातो. शिवाय सैनिकांसाठी संसदेचा खास आयुक्त! साधा शिपाईसुद्धा साहेबाला न विचारता त्याला थेट पत्र लिहू शकतो. ही कल्पना आपल्याकडे आली तर मी सर्वांत आधी टाळ्या वाजवीन.

अमेरिका: जगातलं सर्वांत मोठं संरक्षण बजेट, पण पेंटागॉन २०१८ पासून एकदाही ऑडिटमध्ये पास झालेलं नाही!

पाकिस्तान: अनेक दशकं संरक्षण बजेट म्हणजे संसदेपुढे एका ओळीचा आकडा. २००८ मध्ये कुठे थोडे तपशील मांडले गेले.

ब्रिटन: १६८९ च्या कायद्यानुसार शांततेच्या काळात संसदेच्या संमतीशिवाय कायमचं सैन्य ठेवणंच बेकायदा! आजही सैन्याच्या कायद्याला तिथे ठरावीक काळानं नव्यानं मंजुरी घ्यावी लागते.

पुन्हा दिल्ली. ३१ मार्चला न वापरलेला पैसा परत जातो, म्हणून न लोपणारा आधुनिकीकरण निधी हवा, असं संरक्षण समिती वर्षानुवर्षं सांगतेय. जसवंत सिंहांनी २००४ मध्ये २५,००० कोटींच्या अशा निधीची घोषणाही केली होती. पंधराव्या वित्त आयोगानं पाच वर्षांसाठी २ लाख ३८ हजार कोटींचा निधी सुचवला. घोषणा झाल्या, शिफारशी झाल्या. निधीची वाट अजून बघतोय.

हवाई दलाचंही तेच. मंजूर स्क्वाड्रन ४२, आणि समित्या ओरडून सांगतायत की आकडा घसरतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं, ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात झेपावलं. आता पुढची विमानं किती वेगानं येतात, हे समिती विचारणारच.

आणि जाता जाता एक टिप, ‘स्किप’ करणाऱ्या वाचकांसाठी खास! संरक्षण समितीचे अहवाल संसदेच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. बजेटवरचे अहवाल बहुतेक वेळा मार्चच्या सुमारास येतात. प्रत्येक शिफारशीचं काय केलं ते सरकारला तीन महिन्यांत कळवावं लागतं, आणि मग येतो ‘कृती अहवाल’. त्याचे पाच भाग असतात. पहिले तीन चाळले नाहीत तरी चालेल. थेट चौथा उघडा. सरकारनं दिलेली जी उत्तरं समितीला पटलेली नाहीत, ती सगळी तिथे एकत्र सापडतात!